फिर्शोंची धमनी आणि पोटातली चरबी

विकृतिशास्त्राच्या तासाला ‘विरचॉवची त्रयी’ पाठ केली नाही, असा डॉक्टर आपल्याकडे सापडणे कठीण. रक्तवाहिनीत गुठळी का होते याची तीन कारणे त्या त्रयीत आहेत : वाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणे, रक्ताचा प्रवाह मंदावणे किंवा बिघडणे, आणि रक्तच गोठण्याकडे झुकणे. विरचॉव हा आपल्या कॉलेजातला उच्चार. जर्मन उच्चार फिर्शोच्या जवळ जातो. परीक्षा संपली की हे नाव मागे पडते. पण लठ्ठपणा आणि हृदयविकार यांच्या नात्यावर गेल्या तीस वर्षांत जे हाती लागले आहे ते नीट समजून घ्यायचे, तर या माणसाकडे पुन्हा वळावे लागते. चरबीतून निघणारी प्रथिने शोधण्याची साधने रुडॉल्फ फिर्शो यांच्याकडे नव्हती. ती प्रथिने जिथे जाऊन घाव घालतात, ती जागा मात्र त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी दाखवून ठेवली होती.

फिर्शो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ चा. पोमेरेनिया प्रांतातले शीफेलबाइन हे त्यांचे गाव तेव्हा प्रशियात होते, आज ते पोलंडमध्ये आहे. वडील शेती सांभाळून गावच्या नगरपालिकेचा हिशेब पाहत. रुडॉल्फ एकुलता एक. घरची परिस्थिती बेताचीच असल्याने १८३९ मध्ये त्यांनी बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत प्रवेश घेतला. तिथे शिक्षण सरकारी खर्चाने होई आणि त्या बदल्यात पुढे काही वर्षे सैन्यात डॉक्टर म्हणून काम करावे लागे. १८४३ मध्ये पदवी मिळाली आणि शारिटे या बर्लिनच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली. काम शवविच्छेदन विभागात. अंगकाठी लहानशी, डोळ्यांवर चष्मा, आणि बोलण्यात धार. वरिष्ठांना हा तरुण फारसा सोयीचा वाटत नसावा.

त्या काळी फ्रान्समधील विकृतिशास्त्रज्ञ क्रुव्हेल्ये यांच्या मताचा मोठा दबदबा होता. शिरेला सूज येणे हेच बहुतेक आजारांचे मूळ, असे त्यांचे म्हणणे. फिर्शो यांच्या वरिष्ठांनी, फ्रोरीप यांनी, हे तपासण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. रुग्णालयात रोजच मृतदेह येत. बाळंतीण, शस्त्रक्रिया झालेला, महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेला माणूस अचानक धाप लागून दगावे, आणि फुप्फुसाच्या धमनीत घट्ट गुठळी सापडे. सर्वसाधारण समज असा की ती गुठळी तिथेच तयार झाली. फिर्शो यांनी अशा प्रेतांच्या पायांच्या शिरा उघडून पाहिल्या. तिथेही गुठळी होती, आणि तिचे तुटलेले टोक फुप्फुसातल्या तुकड्याशी जुळत होते. म्हणजे गुठळी पायात झाली, तिचा तुकडा सुटला, रक्ताबरोबर हृदयातून पुढे गेला आणि फुप्फुसात अडकला.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. कुत्र्यांच्या मानेतील शिरेत त्यांनी रबराचे आणि मांसाचे बारीक तुकडे सोडले आणि काही दिवसांनी ते फुप्फुसात शोधून काढले. एका जागी होणारी गुठळी आणि वाहत जाऊन दुसरीकडे अडकणारी गुठळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी सिद्ध केले. थ्रॉम्बोसिस आणि एम्बॉलिझम हे आज प्रत्येक डॉक्टरच्या तोंडी असलेले शब्द याच अर्थाने त्यांनी रूढ केले. तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आसपास होते. याच सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेल्या एका रुग्णाचे वर्णनही त्यांनी प्रसिद्ध केले आणि पुढे त्या रोगाला ल्युकेमिया हे नाव दिले. नामवंत नियतकालिके लेख छापेनात, म्हणून १८४७ मध्ये राइनहार्ट या मित्राबरोबर स्वतःचेच नियतकालिक काढले. ते आजही त्यांच्या नावाने निघते.

१८४८ च्या फेब्रुवारीत प्रशिया सरकारने त्यांना अप्पर सायलेशियात पाठवले. पोलिश बोलणाऱ्या, शेतीवर आणि विणकामावर कशीबशी गुजराण करणाऱ्या त्या भागात आधी पीक बुडाले होते आणि पाठोपाठ टायफसची साथ आली होती. (टायफस वेगळा, आपल्याकडचा टायफॉइड वेगळा. टायफस कपड्यांतल्या उवांमुळे पसरतो, पण ते कळायला १९०९ साल उजाडले.) फिर्शो तिथे जेमतेम तीन आठवडे राहिले. सरकारची अपेक्षा रोगाचे वर्णन आणि औषधोपचाराच्या सूचना एवढीच होती. हाती आलेल्या अहवालात मात्र लिहिले होते की साथ येण्याचे कारण भूक, कोंदट झोपड्या, निरक्षरता आणि लोकांना न समजणाऱ्या भाषेत चालणारा राज्यकारभार हे आहे. उपाय म्हणून शाळा, रस्ते, शेतीची सुधारणा, गरिबांवरचा करांचा बोजा हलका करणे आणि लोकांच्या हाती कारभार देणे हेच करावे लागेल. औषधांना त्यात फार जागा नव्हती.

ते परतले त्याच महिन्यात बर्लिनमध्ये क्रांती पेटली आणि फिर्शो रस्त्यावरच्या मोर्चेबंदीत उतरले. वैद्यकीय सुधारणांसाठी एक साप्ताहिकही त्यांनी चालवले. ते वर्षभरच टिकले. क्रांती दडपली गेल्यावर सरकारने त्यांना शारिटेच्या कामावरून दूर केले. पुढे अटी घालून परत घेतले, पण तोवर बव्हेरियातील व्युर्त्सबुर्ग विद्यापीठाने विकृतिशास्त्राचे प्राध्यापकपद देऊ केले होते. राजकारणापासून दूर राहण्याच्या बोलीवर ते तिकडे गेले. १८५० मध्ये रोझे मायर यांच्याशी त्यांचे लग्न झाले, पुढे सहा मुले झाली. या सात वर्षांत राजकारण थांबले, पण सूक्ष्मदर्शकाखालचे काम अफाट झाले.

१८५६ मध्ये बर्लिनने त्यांना परत बोलावले आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र संस्था उभारून दिली. त्याच वर्षी त्यांचे निबंध एकत्र छापले गेले. गुठळी होण्याची कारणे त्यात सविस्तर आहेत. खरे तर तीन कलमांची सुटसुटीत त्रयी त्यांनी स्वतः कुठे मांडलेली नाही; त्यांच्या लिखाणातून ती वेगळी काढून त्यांचे नाव तिला नंतरच्या पिढ्यांनी दिले. आपल्या विषयाच्या दृष्टीने याच काळातले धमनीवरचे त्यांचे काम अधिक मोलाचे आहे.

महाधमनी उभी चिरली की वय झालेल्या माणसाच्या धमनीच्या आतल्या बाजूला पिवळसर, उंचवटे आलेले, कुठे मऊ पिठल्यासारखे तर कुठे चुन्यासारखे कडक झालेले डाग दिसतात. व्हिएन्नाचे रोकिटान्स्की हे त्या पिढीतले सर्वांत अनुभवी शवविच्छेदक. त्यांचे मत असे की रक्तातले काही घटक धमनीच्या आतल्या पृष्ठभागावर थरांनी साचतात, नळाच्या पाइपात क्षार बसावेत तसे. फिर्शो यांनी पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर डाग पृष्ठभागावर नव्हताच, तो अस्तराच्या खाली, भिंतीच्या आत होता. तिथल्या पेशी वाढलेल्या होत्या, ऊतक फुगलेले होते. रक्तातील द्रव भिंतीत झिरपतो, भिंत चिडते, पेशी वाढतात, आणि चरबी व चुना हे त्यानंतर येतात, असा क्रम त्यांनी लावला. धमनी म्हणजे निर्जीव नळी नव्हे, तिच्या भिंतीत जिवंत पेशी आहेत आणि तिथे जे चालले आहे तो दाह आहे, हे त्यांचे म्हणणे. त्यांनी आजाराला नावही धमनीच्या आतल्या थराचा दाह याच अर्थाचे दिले.

क्रमात त्यांची थोडी चूक झाली. चरबी शेवटी येते असे त्यांना वाटले. आज आपण जाणतो की कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण अगदी सुरुवातीलाच भिंतीत शिरतात आणि दाह त्यांच्यामुळेच पेटतो. पण दाह आहे, हे त्यांनी पाहिले ते बरोबर होते.

१८५८ च्या वसंत ऋतूत त्यांनी डॉक्टरांपुढे वीस व्याख्याने दिली आणि त्यांचे पुस्तक झाले. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच जन्मते आणि प्रत्येक रोग शेवटी कुठल्या तरी पेशीचा बिघाड असतो, हे त्या पुस्तकाचे सार. रोग शरीरातील रसांच्या बिघाडाने होतात ही हजारो वर्षांची कल्पना त्याने मोडीत काढली. यातला पहिला विचार रॉबर्ट रेमाक या सहकाऱ्याने आधीच मांडला होता आणि फिर्शो यांनी त्याला पुरेसे श्रेय दिले नाही, हेही नमूद केले पाहिजे. रेमाक ज्यू होते, आणि त्या काळच्या प्रशियात त्यांना पूर्ण प्राध्यापकपद कधीच मिळाले नाही.

त्या व्याख्यानांत चरबीवरही बरेच काही आहे. हृदयावर चढणारी चरबी आणि हृदयाच्या स्नायूतच उतरणारी चरबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी स्पष्ट केले. पहिल्यात स्नायूंच्या तंतूंमध्ये मेदपेशी घुसतात, दुसऱ्यात स्नायूची पेशीच आतून बिघडते. लठ्ठ माणसात संयोजी ऊतकाच्या पेशी चरबीने भरतात, उपासमारीत त्या रिकाम्या होतात, पण पेशी जागेवर राहते, हेही त्यांनी सांगितले. मात्र ही मेदपेशी त्यांच्या लेखी कोठारच राहिली. धान्य भरले, धान्य काढले. प्रत्येक पेशी जिवंत कार्य करणारी आहे असे जगाला सांगणाऱ्या माणसाने या एका पेशीला जवळजवळ पोते समजावे, यात त्यांचा दोष काढता येणार नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसतेच तशी : चरबीचा एक मोठा थेंब, आणि कडेला चेपलेले केंद्रक. पुढची शंभरहून अधिक वर्षे सगळ्यांनी तिला तसेच पाहिले.

त्यानंतरचे फिर्शो यांचे आयुष्य एका माणसाचे वाटत नाही. १८५९ पासून मरेपर्यंत ते बर्लिनच्या नगरपालिकेत होते. १८६१ मध्ये प्रागतिक पक्षाच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता आणि प्रशियाच्या विधिमंडळात ते बिस्मार्क यांचे कट्टर विरोधक झाले. १८६५ मध्ये चिडलेल्या बिस्मार्क यांनी त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. फिर्शो यांनी ते नाकारले. शस्त्र म्हणून त्यांनी दोन सॉसेज पुढे केले, त्यातल्या एकात डुकराच्या मांसातले ट्रिकिनेला जंत होते, ही गोष्ट फार रंगवून सांगितली जाते. तिला आधार नाही. ट्रिकिनेला हा जंत माणसात कसा येतो यावर त्यांनी काम केले आणि कत्तलखान्यात मांसाची तपासणी सक्तीची व्हावी म्हणून ते झगडले, एवढे खरे.

बर्लिनच्या रस्त्यांच्या कडेने तेव्हा उघडी गटारे वाहत. फिर्शो नगरपालिकेत वर्षानुवर्षे या विषयावर बोलत राहिले आणि १८७३ मध्ये होब्रेख्ट या अभियंत्याच्या योजनेप्रमाणे शहराखाली सांडपाण्याचे जाळे घालायला सुरुवात झाली. फ्रीडरिक्सहाइनसारखी नगरपालिकेची रुग्णालये उभी राहिली. १८७९ मध्ये ते ट्रॉयच्या उत्खननावर श्लीमान यांच्याबरोबर गेले. जर्मनीतील ६७ लाखांहून अधिक शाळकरी मुलांच्या केसांचा, डोळ्यांचा आणि कातडीचा रंग नोंदवणारी पाहणी त्यांनी घडवून आणली. शुद्ध जर्मन वंश अशी काही चीज सापडत नाही, असा तिचा निष्कर्ष निघाला. पुढे त्या देशात जे घडले ते पाहता ही पाहणी लोकांनी लक्षात ठेवायला हवी होती.

चुकाही मोठ्या केल्या. बाळंतपणातील ताप डॉक्टरांच्या अस्वच्छ हातांनी पसरतो हे सेमेलवाइस यांचे म्हणणे त्यांनी सुरुवातीला उडवून लावले. जिवाणूंच्या बाबतीत कोख यांच्याशी त्यांचे कधी नीट जमले नाही; पेशीच्या आत रोग शोधणाऱ्याला बाहेरून येणारा शत्रू पटायला वेळ लागला. निअँडर खोऱ्यात सापडलेली कवटी प्राचीन मानवाची नसून आजारी माणसाची आहे, असे त्यांनी ठरवले. १८८७ मध्ये युवराज फ्रीडरिश यांच्या घशातील गाठीचे तुकडे त्यांच्याकडे आले आणि त्यांत कर्करोग दिसत नाही असा अहवाल त्यांनी दिला. मिळालेल्या तुकड्यांपुरते ते कदाचित बरोबर असेल. पण १८८८ मध्ये युवराज सम्राट झाले आणि ९९ दिवसांत गेले, ते घशाच्या कर्करोगानेच.

४ जानेवारी १९०२ रोजी, ऐंशी ओलांडलेले फिर्शो बर्लिनच्या लाइपत्सिगर रस्त्यावर ट्राम पूर्ण थांबण्याआधीच उतरले आणि पडले. मांडीचे हाड मोडले. काही महिने अंथरुणावर काढल्यावर ५ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. मागे राहिले ते १८९९ मध्ये उघडलेले त्यांचे संग्रहालय. वीस हजारांहून अधिक नमुने, काचेच्या बरण्यांत. दुसऱ्या महायुद्धाच्या बॉम्बवर्षावात त्यातले बहुतेक गेले.

धमनीतील दाहाची त्यांची कल्पनाही पुढे बराच काळ बरणीतच पडून राहिली. १९१० मध्ये विंडाऊस यांनी दाखवले की रोगट महाधमनीत कोलेस्टेरॉल निरोगी धमनीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला अनिच्कोव्ह यांनी सशांना नुसते कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्या बिघडवून दाखवल्या. विसावे शतक कोलेस्टेरॉलचे झाले, आणि ते योग्यच होते. १९८७ मध्ये बाजारात आलेल्या स्टॅटिन गोळ्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. पण एक प्रश्न उरत होता. कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नसताना अनेकांना हृदयविकाराचा झटका येतो, आणि त्यात सुटलेल्या पोटाचे लोक पुष्कळ असतात. मार्सेचे डॉक्टर जाँ व्हाग यांनी १९४७ मध्येच लिहून ठेवले होते की मांड्यांवर चरबी साठणाऱ्यांपेक्षा पोटावर साठणाऱ्यांना मधुमेह आणि धमन्यांचे विकार अधिक होतात. चरबीचे पोते तेच, मग ते कुठे ठेवले यावर रोग का ठरावा?

उत्तर १९९० नंतर मिळू लागले. १९९३ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांना लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे प्रथिन सापडले. हे प्रथिन दाह पेटवते. त्याची ओळख तोवर संसर्ग आणि कर्करोगाच्या संदर्भात होती. १९९४ मध्ये न्यूयॉर्कला जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन शोधले. ते मेदपेशीत तयार होते आणि शरीरात किती साठा आहे हे मेंदूला कळवते. पोते निरोप पाठवत होते. त्यानंतर अशी प्रथिने एकामागून एक मिळत गेली आणि मेदऊतक ही शरीरातली एक मोठी ग्रंथी ठरली.

ही प्रथिने कुठे काम करतात ते पाहिले की फिर्शो यांच्या त्रयीत एकेक घर भरत जाते. पीएआय-१ हे प्रथिन घ्या. रक्तात लहान गुठळ्या होत असतात आणि शरीर त्या विरघळवत असते. पीएआय-१ त्या विरघळवण्याला लगाम घालते. लठ्ठ माणसाच्या रक्तात, विशेषतः पोटातली चरबी वाढली असेल तर, त्याचे प्रमाण चढते. म्हणजे रक्त गोठण्याकडे झुकते. आता अस्तर. ॲडिपोनेक्टिन हे प्रथिन अस्तराला शांत ठेवते आणि इन्सुलिनचे काम सोपे करते. ते मेदपेशीतच तयार होते, पण गंमत अशी की चरबी वाढली की ते कमी होते. उलट टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-६ वाढतात. रक्तातील इंटरल्युकिन-६ चा सुमारे तिसरा हिस्सा मेदऊतकातून येतो असा एक अंदाज आहे. आतड्यांभोवतीच्या चरबीचे रक्त थेट यकृतात जाते, म्हणून तिथून निघालेले हे प्रथिन आधी यकृताला गाठते आणि यकृत सीआरपी तयार करू लागते. दाह मोजण्यासाठी डॉक्टर रक्तात जी सीआरपी तपासायला सांगतात तीच ही. मांडीवरच्या चरबीची ही वाट नाही. व्हाग यांच्या कोड्याचे थोडेफार उत्तर इथे आहे.

२००३ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती फिर्शो यांनी पाहिली असती तर ते खुर्चीतून उठले असते. लठ्ठ माणसाच्या चरबीचे काप घेतले तर त्यात भक्षक पेशी गर्दी करून असतात. मेदपेशी फुगत जाते, रक्तपुरवठा अपुरा पडतो, काही पेशी मरतात, आणि त्यांच्याभोवती भक्षक पेशींचे कडे तयार होते. दाहकारक प्रथिनांचा मोठा भाग प्रत्यक्षात या भक्षक पेशींकडून येतो. धमनीच्या भिंतीतही याच जातीच्या पेशी कोलेस्टेरॉल गिळून फुगलेल्या असतात. रोग दोन ठिकाणी, पेशी एकच.

या गोष्टीला पुण्याचा एक धागा आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. तक्त्यानुसार दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. चरबीतून निघणाऱ्या दाहकारक प्रथिनांवर यूडकिन यांचे बरेच काम आहे, त्यामुळे हे छायाचित्र नुसती गंमत नव्हती. भारतीय माणूस दिसायला बारीक असतो आणि आतून चरबीने भरलेला असतो. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांमध्येही याज्ञिक यांच्या गटाला हेच आढळले. आपल्याकडे वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेप महत्त्वाची आहे. भारतीय पुरुषाच्या पोटाचा घेर ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला की धोका धरावा, असे निकष त्यासाठीच ठरले.

दाह हे कारण आहे की नुसती खूण, हा वाद मात्र बरीच वर्षे चालला. सीआरपी स्वतः धमनी बिघडवते असा पुरावा नाही. ॲडिपोनेक्टिनचे गणितही सरळ नाही : ज्यांना आधीच हृदयविकार आहे अशा वयस्क रुग्णांत ते जास्त असले तर मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसते, आणि याचा उलगडा झालेला नाही. ॲडिपोनेक्टिन वाढवणाऱ्या गोळ्या किंवा पूड विकणाऱ्यांवर म्हणून विश्वास ठेवू नये.

२०१७ मध्ये कँटॉस चाचणीचे निकाल आले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आणि सीआरपी चढलेले १०,०६१ रुग्ण त्यात होते. त्यांतल्या काहींना इंटरल्युकिन-१ बीटा या दाहकारक प्रथिनाला अडवणारे इंजेक्शन दिले. कोलेस्टेरॉल जागेवरच राहिले, तरी १५० मिलिग्रॅमच्या मात्रेत पुन्हा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. धमनीतला दाह आटोक्यात आणला तर रोग कमी होतो याचा हा पहिला मोठा पुरावा. फिर्शो यांनी ते निबंध छापल्याला तोवर १६१ वर्षे झाली होती. इंजेक्शन महाग होते आणि त्याने जीवघेणे संसर्ग थोडे वाढले. एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. हृदयरोगासाठी ते वापरात आले नाही.

२०२३ मधील सिलेक्ट चाचणी लठ्ठपणाच्या बाजूने आली. वजन जास्त, हृदयविकार आधीपासून, पण मधुमेह नाही, अशा १७,६०४ जणांत सेमाग्लुटाइडने हीच संकटे २० टक्क्यांनी कमी केली. फरक पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागला, वजन पुरते उतरण्याच्या आधी, आणि सीआरपीही चांगलीच खाली आली. वजन उतरल्याने किती फायदा झाला आणि दाह शमल्याने किती, याचा हिशेब अजून चालू आहे.